थांबण्याची तजवीज

जुन्या मोटारींचा शौक असलेली मंडळी एकत्र जमली म्हणजे बोलणे प्रथम रंगावर येते, मग क्रोमच्या पट्ट्यांवर, मग इंजिनाच्या आवाजावर. आणि ब्रेकचा विषय निघालाच, तर तो निरोप घेण्याच्या घाईत, ‘तेवढे एकदा बघून घेतले पाहिजे’ अशा सुरात निघतो. प्रस्तुत पुस्तिकेत हा क्रम मुद्दाम उलटा ठेवला आहे. रंगाचे प्रकरण तीत नाही, आणि इंजिनाविषयी जे काही आहे ते इंजिन उतरत्या गाडीला कसे अडवून धरते एवढ्यापुरतेच आहे. लहान जुन्या गाडीचे ब्रेक कसे असतात व कसे राखावेत ही तिची एक बाब, आणि अशी गाडी आजच्या रहदारीतून सावधपणे कशी न्यावी ही दुसरी. वरवर पाहता पहिली बाब मेस्त्रीची आणि दुसरी चालकाची वाटते; परंतु जो चालक ब्रेकवर कमीत कमी विसंबतो त्याचेच ब्रेक ऐन वेळी थंड आणि तयार सापडतात, आणि ज्याला आपल्या ब्रेकची नेमकी ताकद ठाऊक असते तोच लांबवर नजर ठेवून गाडी हाकतो, असे असल्यामुळे या दोन बाबींची खाती मी वेगळी धरलेली नाहीत.

उदाहरणादाखल गाडी निवडली आहे ती फियाट अकराशे, म्हणजेच पुढे जिला प्रीमियर पद्मिनी हे नाव मिळाले ती. इटलीत १९५३ साली अवतरलेली ही गाडी, वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात, चेहऱ्यामोहऱ्यात थोडेफार फेरफार होत, शतकाच्या अखेरीपर्यंत बनत राहिली. १०८९ घन सेंटीमीटरचे चार सिलिंडरांचे इंजिन, स्टिअरिंगच्या खांबावरचा गिअरचा दांडा, मागच्या चाकांना मिळणारी गती, नऊशे किलोच्या आसपास वजन आणि चारही चाकांना ड्रम ब्रेक, असा तिचा संसार. मुंबईच्या काळ्या-पिवळ्या टॅक्सीच्या रूपाने तिने एका अख्ख्या शहराला पाठीवर घेतले. ताडदेवच्या आरटीओत अशी शेवटची टॅक्सी नोंदली गेली ती २९ ऑक्टोबर २००३ रोजी, आणि टॅक्सीला घातलेली वीस वर्षांची मुदत भरल्यामुळे ३० ऑक्टोबर २०२३ पासून पद्मिनी टॅक्सीचा मुंबईतील अंमल संपला. आता जी गाडी उरली आहे ती शौकिनांच्या पदरी. हा बदल ब्रेकच्या दृष्टीने मुळीच हिताचा नाही. टॅक्सीचे ब्रेक दिवसातून शेकडो वेळा दाबले जात, तिचा चालक पेडल किंचित खाली गेले की संध्याकाळी मेस्त्रीकडे उभा राही, कारण त्याची भाकरी त्यावर होती. शौकिनाची गाडी मात्र आच्छादनाखाली महिनोन्‌महिने निजते, आणि तेवढ्या अवधीत ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषीत राहते, व्हील सिलिंडरातील पिस्टन गंजतो, रबरी कप कडक होतात. चालवल्याने ब्रेक झिजतात हे खरे, पण न चालवल्याने ते आतून सडतात, आणि सडलेल्या ब्रेकचा घात झिजलेल्यापेक्षा अधिक अवचित असतो.

ड्रम ब्रेकची रचना साधी आहे. पेडल दाबले की मास्टर सिलिंडरातील ऑइल नळ्यांतून चारही चाकांपर्यंत दाब पोचवते. तेथे व्हील सिलिंडर दोन अर्धचंद्राकृती शूंना बाहेर रेटतो. शूवरचे लायनर फिरत्या ड्रमच्या आतील अंगाला घासते आणि गाडीची गती उष्णतेत रूपांतरित होते. येथे एक सूक्ष्म गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ड्रम ज्या दिशेने फिरतो त्या दिशेला तोंड केलेला शू ड्रमच्या ओढीनेच त्याच्यावर अधिक घट्ट बसतो, म्हणजे चालकाच्या पायाच्या जोराला चाक स्वतःच हातभार लावते. म्हणूनच कोणत्याही साहाय्यक यंत्रणेवाचून, केवळ पायाच्या बळावर, ही गाडी थांबू शकते. पण हाच गुण दोषही ठरतो, कारण एका चाकाचे लायनर तेलाने माखले किंवा एका बाजूचे ॲडजस्टमेंट सैल राहिले, तर हा हातभार दोन बाजूंना असमान मिळतो आणि गाडी एका बाजूला ओढते. दुसरा दोष उष्णतेचा. तापलेला ड्रम प्रसरण पावून शूपासून दूर सरतो, त्यामुळे पेडलला अधिक खोल जावे लागते. शिवाय फार तापलेल्या लायनरची घर्षणशक्तीच क्षीण होते. डिस्क ब्रेकची चकती उघड्या वाऱ्यात असते आणि तापल्याने फुगली तर पॅडच्या दिशेनेच फुगते. ड्रम मात्र आपली उष्णता आत कोंडून घेतो.

उष्णता किती, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. चार माणसे बसलेली, सगळी मिळून बाराशे किलो भरणारी अशी गाडी ताशी ६० किलोमीटर वेगावरून एकदा थांबविली, तर तिच्या ड्रमांत जी उष्णता उतरते तिने अर्धा लिटर पाण्याला उकळी यावी. आता तीच गाडी खंडाळ्याहून खोपोलीस उतरवा. बोरघाटाची ही उतरंड सुमारे साडेपाचशे मीटरांची; हवेचा आणि इंजिनाचा अडथळा क्षणभर बाजूस ठेवला, तर गाडीने त्या उंचीत साठवलेली ऊर्जा ताशी ६० वरून चाळीसएक वेळा थांबण्याइतकी, म्हणजे वीस लिटर पाणी उकळण्याइतकी भरते. ती कोणाला तरी पचवावी लागणार. इंजिनाला पचवू दिली तर ते ती रेडिएटरातून आणि धुरांड्यातून वाऱ्यावर सोडून देते. ड्रमांच्या माथी मारली तर घाटाच्या अखेरच्या वळणांवर, जेथे खालची वस्ती आणि रहदारी सुरू होते नेमक्या तेथे, पेडल ‘कापसासारखे’ लागू लागते. यात ब्रेक ऑइल जुने असेल तर भर पडते: डॉट ३ जातीच्या ताज्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २०५ अंश सेल्सिअस असावा लागतो, पण ओलावा शोषल्यावर तोच १४० अंशांवर येऊ शकतो, आणि एकदा नळीत वाफेचे बुडबुडे झाले की पाय कितीही जोराने दाबा, तो जोर बुडबुडे चेपण्यातच खर्ची पडतो.

याच घाटात, पेट्रोल वाचविण्याच्या लोभाने, गाडी न्यूट्रल करून उतरण्याची एक जुनी आणि हटवादी चाल आहे. काही महाभाग तर चावीही बंद करतात. या काटकसरीने वाचलेल्या पेट्रोलची किंमत चहाच्या दोन पेल्यांइतकी असेल-नसेल, आणि तिच्यासाठी तारण ठेवला जातो तो गाडीतील प्रत्येकाचा जीव. याहून तोट्याचा व्यवहार माझ्या पाहण्यात नाही. जुन्या चालकांचा शिरस्ता असा होता की जो घाट ज्या गिअरमध्ये चढावा लागतो तो त्याच गिअरमध्ये उतरावा, आणि गिअर टाकायचा तो उतार लागण्यापूर्वी, लागल्यावर नव्हे. खांबावरच्या दांड्याने दुसरा गिअर टाकून, इंजिनाच्या घरघरीकडे दुर्लक्ष करून, मधूनमधून ब्रेकला थोडक्या वेळाचा पण निश्चित दाब देत आणि मध्ये पूर्ण सोडीत जो उतरतो, त्याचे ड्रम खाली पोचल्यावरही हात जवळ नेण्याइतके निवलेले असतात. जो पाय पेडलवर नुसता ठेवून देतो त्याच्या चाकांचा वास त्याच्या आधी खोपोलीत पोचतो. घाटात शिंग्रोबाचे देऊळ आहे. इंग्रजांना घाटाची वाट दाखविणारा धनगर म्हणून त्याची आख्यायिका सांगतात, आणि कित्येक गाडीवाले तेथे थांबून नाणे वाहतात. श्रद्धेचे फळ ज्याचे त्याने ठरवावे. थांबल्याने ब्रेक निवतात यात मात्र वाद नाही, आणि तेवढ्यासाठी शिंग्रोबाला माझाही नमस्कार आहे.

रेल्वेने हा धडा मोटारीच्या कितीतरी आधी गिरवला. बोरघाटातील लोहमार्ग १८६३ साली खुला झाला, आणि उतरणाऱ्या गाडीने ठरावीक ठिकाणी उभे राहून आपण थांबू शकतो हे सिद्ध केल्यावाचून पुढे सरकायचे नाही, असा जाबता तेथे बसला. काबूबाहेर गेलेली गाडी ज्यावर वळावी असे, चढावर संपणारे, ‘कॅच सायडिंग’चे रूळही घाटमार्गांवर ठेवलेले असतात. यातील तत्त्व मोठे मार्मिक आहे: गाडी सुटणार नाही असे गृहीत न धरता ती सुटेलच असे धरून रस्ता आखायचा, आणि थांबण्याची पात्रता गाडीने आधी दाखवायची. मोटारचालकाला असा जाबता कोणी लावीत नाही. त्याने तो स्वतःवर लावून घ्यायचा असतो.

सावध चालनाचे जे शास्त्र पाश्चात्त्य देशांत विसाव्या शतकाच्या मध्याला बांधले गेले त्याचा गाभा याहून निराळा नाही. ब्रिटनमध्ये पोलिस-चालकांच्या शिक्षणातून १९५५ साली ‘रोडक्राफ्ट’ हे पुस्तक निघाले. अमेरिकेत हॅरोल्ड स्मिथ यांनी १९५२ पासून पाच सूत्रांची शिकवण चालविली, आणि १९६४ साली तेथील नॅशनल सेफ्टी कौन्सिलने ‘डिफेन्सिव्ह ड्रायव्हिंग’चा अभ्यासक्रमच सुरू केला. स्मिथ यांच्या पाच सूत्रांपैकी नजर लांब ठेवा, चित्र पूर्ण पाहा आणि डोळे फिरते ठेवा, ही तीन कोणत्याही देशात सारखीच लागू पडतात. उरलेली दोन, म्हणजे निसटायला वाट राखून ठेवा आणि आपण इतरांना दिसतो याची खात्री करा, ही आपल्याकडे अधिक विचार मागतात, विशेषतः गाडी जुनी असेल तर. जुन्या गाडीचे मागचे दिवे लहान. काचेतील तिसरा ब्रेकदिवा नाही. आणि अनेक जुन्या गाड्यांत ब्रेकदिव्याचे बटण ऑइलच्या दाबावर चालत असल्यामुळे, ते मंदावले म्हणजे हलक्या दाबाने दिवा लागतच नाही. मागच्याला कळतच नाही की पुढची गाडी थांबते आहे. म्हणून भिंतीकडे पाठ करून गाडी उभी करावी आणि पेडलला बोट लावण्याइतक्या दाबाने भिंतीवर लाली उमटते का, ते आरशात पाहावे. या तपासणीला खर्च काही नाही.

आता अंतराचा प्रश्न. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ सतरा मीटर कापते. पुढे काही घडले हे डोळ्याने टिपून पाय पेडलवर जाईपर्यंत दीड सेकंद सहज जातो. म्हणजे ब्रेक लागण्यापूर्वीच पंचवीस मीटर गेले. त्यापुढे कोरड्या डांबरावर आजची डिस्क आणि एबीएसची गाडी दर सेकंदाला आपला वेग ताशी तीस किलोमीटरने उतरवते असे धरू, आणि सुस्थितीतील ड्रमची जुनी गाडी बावीसने. फरक कागदावर किरकोळ दिसतो. पण दोन्ही गाड्यांनी एकाच रेषेवर ब्रेक दाबला, तर नवी गाडी ज्या ठिकाणी पूर्ण थांबलेली असेल त्या ठिकाणी जुनी गाडी अजून ताशी तीस किलोमीटरने चाललेली असेल. पुढच्याच्या मागे किती अंतर ठेवावे याचा सगळा निवाडा या एका आकड्यात आहे. नव्या गाडीने दोन सेकंदांचे अंतर राखावे असे सांगतात. जुनीने तीन राखावे, पावसात चार. पुढची गाडी एखाद्या खांबाजवळून गेली की मनात मोजायला लागावे, एवढेच यासाठी पुरते.

‘असे अंतर ठेवले तर मध्ये रिक्षा शिरते,’ ही यावरची सर्वसाधारण कैफियत, आणि ती खोटी नाही. शिरू द्यावी. पाय उचलावा, पुन्हा अंतर पडू द्यावे, आणखी एक शिरली तर पुन्हा तेच करावे. दादर ते पनवेल एवढ्या प्रवासात अशा वीस रिक्षांना वाट दिली तरी पोचायला लागलेला जादा वेळ मिनिटांत मोजता येतो. ज्याला हे अपमानास्पद वाटते त्याने जुनी गाडी ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. आपल्या कायद्याच्या दप्तरातही ही शिकवण आहेच: १९८९ च्या रस्त्याच्या नियमांत पुढील वाहनापासून पुरेसे अंतर राखावे, सुरक्षेच्या कारणावाचून अकस्मात ब्रेक लावू नये, आणि अरुंद घाटवाटेवर चढणाऱ्याला आधी वाट द्यावी, अशा ताकिदी स्पष्ट शब्दांत नमूद होत्या. परवाना मिळविताना त्या कोणी वाचून दाखवीत नाही, ही गोष्ट निराळी.

पुस्तिकेतील सर्वांत लांब प्रकरण ड्रम उघडून आत पाहण्याचे आहे, आणि ते लांब झाले याबद्दल मला खेद वाटत नाही. ड्रम काढल्यावर आतील काळी भुकटी फुंकू नये, हवेच्या झोताने तर मुळीच उडवू नये; जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असे, म्हणून ती ओल्या फडक्याने टिपून घ्यावी. मग व्हील सिलिंडरच्या टोकाची रबरी टोपी नखाने किंचित उचलावी. आत कोरडे असेल तर ठीक. ओलसर असेल तर सिलिंडर गळू लागला आहे, आणि त्याचा निकाल आजच लावायचा, पुढच्या सर्व्हिसिंगला नव्हे. मागच्या चाकात ओल दिसली, तर ती ब्रेक ऑइलची की ॲक्सलच्या सीलमधून आलेल्या गिअर ऑइलची, हा प्रश्न पडतो. त्याची परीक्षा सोपी आहे. एक थेंब बोटावर घेऊन पाण्याखाली धरावा: ब्रेक ऑइल पाण्यात मिसळून धुऊन जाते, गिअर ऑइल चिकट राहते आणि त्याला गंधकाचा उग्र वास असतो. पहिल्यात किट किंवा सिलिंडर बदलायचा, दुसऱ्यात सील. आणि लायनर मात्र दोन्हींत बदलायचे, एका चाकाचे नव्हे तर त्या ॲक्सलच्या दोन्ही चाकांचे. माखलेले लायनर पेट्रोलने धुऊन किंवा पॉलिश पेपरने घासून पुन्हा बसविणारे मेस्त्री भेटतात. त्यांचा हात कितीही कसबी असो, या बाबतीत त्यांचे ऐकू नये.

त्याच प्रकरणात रबरी होजपाइपांचा उल्लेख आहे, आणि तो वाचकांनी विशेष लक्ष देऊन वाचावा. जुना होज बाहेरून धडधाकट दिसतो, पण आतून फुगून त्याचा मार्ग केसाएवढा उरतो. पायाचा जोर ऑइलला आत ढकलतो, परंतु परत येताना ते अडते, आणि त्या चाकाचा ब्रेक लागूनच राहतो. गाडी ओढते, चाक तापते, मालक शू आणि सिलिंडर बदलीत राहतो आणि दोष जागच्या जागी. मास्टर सिलिंडरही एकच असतो अशा जुन्या गाड्यांत तर एका होजच्या फुटण्याने चारही चाकांचे ब्रेक एकाच क्षणी जातात. मग हाती उरतात इंजिन, आणि स्वतंत्र यांत्रिक मार्गाने चालणारा हँडब्रेक. म्हणून तो केवळ गाडी उभी करण्याचे साधन समजून सैल ठेवू नये.

पुढच्या चाकांना डिस्क बसवावी काय, असे बरेच जण विचारतात. योग्य मापाची डिस्क, तिला जुळणारा मास्टर सिलिंडर, पुढच्या-मागच्या चाकांतील दाबाचा तोल आणि हे सारे बसविणारा जाणता माणूस, असे चारही योग जुळत असतील तर बसवावी; एकही जुळत नसेल तर उत्तम अवस्थेतील ड्रम अर्धवट डिस्कपेक्षा शतपटीने बरे. व्हॅक्यूम बूस्टरबद्दल एवढेच सांगतो की त्याने पायाचे श्रम वाचतात, लायनरची पकड वाढत नाही. सीटबेल्ट मात्र लावून घ्यावेत. मोटारींतील पुढच्या सीटला ते सक्तीचे झाले १९९४ पासून, त्यामुळे त्याआधीच्या कित्येक गाड्यांत ते नाहीत, आणि जेथे एअरबॅग नाही, चेपून धक्का शोषणारे पुढचे अंग नाही, तेथे पट्टा हा एकमेव जामीन आहे. तो पत्र्याला नुसता स्क्रूने न अडकविता आतून जाड पट्टी देऊन बसवावा. पन्नास वर्षांवरील गाड्यांना २०२१ च्या नियमांनी ‘व्हिंटेज’ म्हणून वेगळी नोंदणी दिली आहे. ती घ्यावी की नाही हा ज्याच्या त्याच्या हौसेचा प्रश्न, पण नोंदणीने ब्रेक सुधारत नाहीत.

पावसाळ्याचे प्रकरण छोटे आहे. हिंदमाताच्या किंवा मिलन सबवेच्या पाण्यातून गाडी काढली की ड्रममध्ये पाणी शिरते आणि पहिले दोन-चार दाब फुकट जातात. बाहेर पडताच मागचे पाहून, हळू वेगात, पेडल हलके दाबून धरीत शू सुकवावेत आणि मगच रहदारीत मिसळावे.

वाचकांना एकच विनंती. गाडी किती काळ उभी आहे आणि तिचे ब्रेक ऑइल शेवटचे कधी बदलले, याचे उत्तर तारखेनिशी देता येत नसेल, तर हे पुस्तक येथेच मिटून प्रथम सगळे ऑइल बदलून घ्यावे: मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरचे, म्हणजे आपल्याकडच्या गाड्यांत मागचे डावे चाक आधी धरावे, निपलला पारदर्शक नळी लावून तिचे टोक बाटलीतील ऑइलात बुडवावे, एकाने पेडल दाबावे व दुसऱ्याने निपल उघडून पेडल वर येण्यापूर्वी बंद करावे, आणि नळीतून बुडबुडा येईनासा होऊन ऑइल स्वच्छ दिसू लागेपर्यंत हे चालू ठेवावे. वर टाकीतील ऑइल संपू देऊ नये. काम झाल्यावर तारीख कागदावर लिहून बॉनेटच्या आत चिकटवावी.